तबकडीवरचे बालगीत आणि अंगणातले गाणे : डहाणू–तलासरीतील मुलांच्या गाण्याचा मागोवा

मराठी बालगीताचा इतिहास सांगताना अभ्यासक बहुधा ध्वनिमुद्रिकांच्या क्रमाने जातात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण तबकडीवर गीतकाराचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव छापलेले असते, तर तोंडी चालत आलेल्या गाण्याला ना तारीख असते ना धनी. मात्र या क्रमाने गेल्यास महाराष्ट्राच्या वायव्य टोकाचे डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके बालगीताच्या इतिहासातून पूर्णपणे गळतात. या तालुक्यांतल्या मुलांच्या समूहाचे गाणे शहरातल्या मुलांच्या गाण्यासारखे बाजारातल्या तबकडीवरून घरोघर पोचले नाही. तरीही गाण्याला शिक्षणाच्या रोजच्या कामाला जुंपण्याचा मराठीतला एक अतिशय धीट प्रयोग याच पट्ट्यात, बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि कोसबाडच्या टेकडीवर झाला. त्यामुळे इथल्या मुलांच्या गाण्याचा विचार करताना ध्वनिमुद्रित गाणे आणि अंगणात म्हटले जाणारे गाणे हे दोन्ही प्रवाह शेजारी ठेवून पाहावे लागतात.

भूगोलाने या दोन तालुक्यांना एका सलग पट्ट्यात बांधले आहे. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या, मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग, आणि रुळांच्या पूर्वेला चढत जाणारा डोंगराळ, भातखाचरांचा आणि जंगलाचा मुलूख, अशी त्याची साधारण रचना आहे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा शेजारच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीचा मुलूख महाराष्ट्रात राहिला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर हे दोन्ही तालुके त्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांमागे नऊ जण अनुसूचित जमातींचे आहेत, आणि डहाणूतही त्यांचीच बहुसंख्या आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी अशा जमाती इथे पाड्यांतून राहतात. पाडा म्हणजे गावाच्या हद्दीतच, पण मुख्य वस्तीपासून दूर, शेतांच्या आणि ओहोळांच्या कडेने विखुरलेली घरांची वस्ती. शाळेपर्यंतचे अंतर हा शब्द इथे पाड्याच्या हिशेबाने समजून घ्यावा लागतो.

या मुलखाचे मूळ संगीत समजण्यासाठी तारपा हे वाद्य जवळून पाहणे आवश्यक आहे. वाळवून पोकळ केलेला लांबट भोपळा हा तारप्याचा हवेचा कोठा असतो. त्याच्या एका टोकाला फुंकायची जागा ठेवून दुसऱ्या टोकात बांबूच्या दोन नळ्या बसवतात, नळ्यांच्या मुळाशी कंप पावणाऱ्या बारीक पात्या लावतात, सांधे मधमाशांच्या मेणाने बुजवतात आणि नळ्यांच्या पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला मोठा कर्णा जोडतात. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर मध्येच तुटत नाही. भाताचे पीक तयार होण्याच्या दिवसांत रात्री नाच उभा राहतो तेव्हा वादक मधोमध असतो, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून सापासारखी रांग धरतात, वादक चाल बदलेल तशी रांग वळते, आणि तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. रांगेच्या शेपटीला लहान मुले असतात. पावले त्यांना कोणी मोजून शिकवत नाही. पुढच्याच्या कमरेला धरलेल्या हातातून ताल त्यांच्या अंगात उतरतो.

लग्नविधीतली गाणी म्हणणारी अनुभवी स्त्री, जिला धवलेरी म्हणतात, तिच्या मागे बायका ओळी उचलतात. भगत घांगळीच्या, म्हणजे भोपळे जोडलेल्या तंतुवाद्याच्या, साथीने कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा गातो. अंगाई आणि खेळगाणी सोडली तर मुलांसाठी म्हणून निराळे काढून ठेवलेले गाणे या व्यवस्थेत दुय्यमच होते. मूल मोठ्यांच्या गाण्यात वावरतच मोठे होत असे, आणि या गाण्याला समोर बसून ऐकणारा श्रोता जवळजवळ नव्हता, कारण जमलेला प्रत्येक जण नाचत तरी असे किंवा ओळ उचलत तरी असे.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र याच्या नेमके उलट गृहीतक घेऊन भारतात आले. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग या तंत्रज्ञाने कोलकात्यात गौहरजान आणि इतर कलावंतांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून पुढची अनेक दशके मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी हेच गाणे साठवण्याचे मुख्य साधन राहिले. तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. या तीन मिनिटांनी भारतीय गाण्याचा घाट बदलला, हे संगीताच्या इतिहासकारांनी वारंवार दाखवले आहे. ख्यालाला त्यांत काटछाट सोसावी लागली, भावगीताला मात्र ती मर्यादा मानवली. रात्रभर चालणारा आणि नाचणाऱ्यांच्या पावलांवर अवलंबून असलेला तारपा तीन मिनिटांत बसण्यासारखा नव्हता, आणि त्याचा गिऱ्हाईक म्हणून शहरात कोणी उभाही नव्हता. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. ही तबकडी ज्या लाखेच्या चपड्यापासून घडत असे ती लाख पळस आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते, आणि ती गोळा करणारे हात प्रामुख्याने छोटा नागपूरच्या जंगलातल्या आदिवासींचे होते. तबकडीच्या कच्च्या मालात जंगल होते, तिच्यावर कोरलेल्या आवाजात मात्र ते फारच थोडे उतरले.

मराठी मुलांच्या वाट्याला तबकडीवरचे गाणे आले ते मुख्यतः चित्रपटाच्या आणि सुगम संगीताच्या वाटेने. १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले ‘नाच रे मोरा’ हे ग. दि. माडगूळकरांचे गीत पु. ल. देशपांडे यांच्या संगीतात आशा भोसले यांनी गायिले आणि ते मराठी घरांत कायमचे वस्तीला आले. हे गाणे मुलांचे असले तरी आवाज प्रौढ गायिकेचा होता. खऱ्या मुलांच्या गळ्यांतून, समूहाने गायिलेल्या बालगीतांची लोकप्रिय परंपरा पुढे सत्तरच्या दशकाच्या आसपास रुजली, आणि तिचे मोठे श्रेय संगीतकार मीना खडीकर यांना द्यावे लागते. त्यांनी आपली मुले योगेश आणि रचना, तसेच शमा खळे यांच्या आवाजांत जी बालगीते बांधली, त्यांत मंगेश पाडगांवकरांचे ‘सांग सांग भोलानाथ’ आणि राजा मंगळवेढेकरांचे चॉकलेटच्या बंगल्याचे गाणे ही आजही पाठ असणारी गाणी आहेत. या ध्वनिमुद्रिकांचे गुण स्पष्ट आहेत. चाली मुलांच्या गळ्याच्या पल्ल्यात ठेवलेल्या आहेत, शब्द स्वच्छ ऐकू येतात, ठेका हातापायांना हलवतो, आणि मुलांचा आवाज मुलांचाच राहू दिला आहे, त्याला लाडिक वळण दिलेले नाही. मराठी बालगीताला मुलाचा स्वतःचा आवाज मिळवून देणारे हे काम आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरी या गाण्यांतले मूल कोणते, हा प्रश्न डहाणूच्या पूर्वेकडे उभे राहून विचारावाच लागतो. भोलानाथाला पावसाविषयी विचारणाऱ्या मुलाच्या मनात शाळेभोवती तळे साचून सुट्टी मिळण्याची आस आहे. ती खरी आहे आणि कोणत्याही मुलाला कळणारी आहे. तलासरीच्या पाड्यावर मात्र पाऊस म्हणजे आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, आणि त्या दिवसांत आईबाप दिवसभर चिखलात असल्याने सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असते. ओहोळ भरला की शाळेची वाट आपोआप बंद होते आणि सुट्टीसाठी कोणाला साकडे घालावे लागत नाही. बंगल्याच्या गाण्यातली चैन तर कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेल्या घरातल्या मुलाला दुहेरी परकी होती, कारण त्याच्या ओळखीत ना बंगला होता ना चॉकलेट. कवीचा हा दोष नव्हे. बालगीताची बाजारपेठ ज्या घरांत होती त्या घरांतले मूल गाण्यात आले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पाड्यावरच्या मुलाला गाण्यात आणण्याचे काम निराळ्या माणसांनी, निराळ्या कारणाने केले. त्याची सुरुवात १९४५ साली झाली आणि हे वर्ष या मुलखासाठी साधे नव्हते. वेठबिगार, म्हणजे जमीनदाराकडे विनामोबदला राबण्याची सक्ती, आणि लग्नगडी, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने मालकाच्या घरी गुलामासारखे राबणे, या प्रथांविरुद्ध वारल्यांचा उठाव त्याच वर्षी किसान सभेच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात हा सारा काळ लिहून ठेवला आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच मुलखाच्या किनारपट्टीवर, बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. दोन्ही प्रयत्नांचे मार्ग वेगळे होते, राजकारण वेगळे होते, पण गावाने ज्याला कधी माणसांत धरले नाही त्याला माणूस म्हणून समोर घेणे, हे दोन्हींकडे समान होते.

ताराबाई (१८९२–१९७३) बालशिक्षणात नवख्या नव्हत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा भारतीय अवतार घडवला होता, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला त्यात त्यांचा पुढाकार होता, आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. शहरातले काम उत्तम चाललेले असताना, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या खेड्यात आल्या, कारण महागड्या साधनांवर उभी असलेली बालशाळा गरिबांच्या मुलांपर्यंत पोचणार नाही हे त्यांनी ओळखले होते. बोर्डीत त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) येऊन मिळाल्या. मोरगावच्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या अनुताईंनी पुढची सत्तेचाळीस वर्षे या कामाला दिली.

बोर्डीच्या बालवाडीत गरीब वस्तीतली मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची असे ठरले, आणि त्यातून अंगणवाडी हा शब्द व ही व्यवस्था जन्माला आली. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि काम थेट वारली पाड्यांत गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली; मुले गुरे सोडून शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शिक्षक कुरणात जाई आणि गुरे चरत असताना शिकवणे चाले. माँटेसरीच्या आखीव साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, गोट्यांनी, पानाफुलांनी घेतली.

साधनांच्या या बदलात गाण्याचे स्थान मध्यवर्ती होते, कारण गाणे हे एकच साधन असे आहे की ज्याला खर्च नाही, जे पिशवीत भरून न्यावे लागत नाही आणि जे एका वेळी तीस मुलांच्या हातांत देता येते. बालवाडीच्या गाण्यांचे ढोबळ प्रकार येथे सांगितले पाहिजेत. बडबडगीत म्हणजे अर्थापेक्षा नादावर चालणारे, जिभेला वळण देणारे छोटे गाणे. अभिनयगीत म्हणजे प्रत्येक ओळीबरोबर हातांची, बोटांची किंवा सर्वांगाची ठरलेली हालचाल करावयाचे गाणे. आणि समूहगीत म्हणजे सर्वांनी एका सुरात म्हणावयाचे. यांपैकी अभिनयगीताने पाड्यावरच्या बालवाडीत खरा भार उचलला. अंगणात प्रथमच बसलेल्या, परक्या बाईकडे पाहून आईच्या पदरामागे दडणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला शब्द कळला नाही तरी शेजारच्याची बोटे हलताना दिसतात आणि त्याची बोटे आपोआप हलू लागतात. आधी हालचाल येते, मग ठेका येतो आणि शब्द सर्वांत शेवटी येतो. हात धुणे, नखे पाहणे, केस विंचरणे ही स्वच्छतेची कामे बालवाडीच्या दिनक्रमाचा पहिला भाग होती, आणि ओळीत उभ्या मुलांची पाळी येईपर्यंत गाणे चालू ठेवले की ती कामे दटावणीवाचून पार पडतात, हे प्रत्येक बालसेविका, म्हणजे बालवाडी चालवणारी शिक्षिका, अनुभवाने जाणते. तारप्याच्या रांगेत शेपटीला धरून शिकलेल्या मुलाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारणही नव्हते. पाहत, धरत, सोबत करत शिकणे हे त्याच्या घरचेच होते.

हे गाणे पसरले ते तबकडीने नव्हे, वहीने. कोसबाडला बालसेविकांचे प्रशिक्षण होत असे, आणि प्रशिक्षणाला आलेली स्त्री परत जाताना बरोबर नेई ती गाण्यांची वही. अशा वहीत स्वरलिपी नसते. डाव्या बाजूला ओळी आणि उजव्या बाजूला त्या ओळीला करावयाची कृती एवढेच असते, चाल मात्र कानांतच न्यावी लागते. परिणामी एकच गाणे गावोगाव थोड्या निराळ्या चालीवर, आणि स्थानिक झाडाचे, पक्ष्याचे, भाजीचे नाव घालून म्हटले जाते. ध्वनिमुद्रित बालगीताला हे स्वातंत्र्य नसते. तबकडीवर जी चाल कोरली गेली तीच खरी ठरते आणि बाकीच्या चुका ठरतात. म्हणून या वह्यांकडे प्रशिक्षणाचे टाकाऊ साहित्य म्हणून न पाहता मराठी बालगीताची दुसरी, न छापलेली आवृत्ती म्हणून पाहणे योग्य होईल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या अंगणात घडलेला शब्द देशभर गेला आणि त्याच्याबरोबर गाण्याने दिवस सुरू करण्याची रीतही गेली.

दरम्यान ध्वनिमुद्रित गाणेही पाड्यापर्यंत पोचत होते. ट्रान्झिस्टर आला तसा मुंबई आकाशवाणीचा आवाज डोंगरात ऐकू येऊ लागला. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गाणे मुद्रित करण्याची मक्तेदारी मोडली, कारण कॅसेट भरायला मोठ्या कंपनीची गरज उरली नाही. देशभर बोलीभाषांतल्या गाण्यांना या साधनाने प्रथमच बाजार मिळवून दिला. आज तारप्याच्या चाली विजेच्या की-बोर्डवर वाजवून लग्नाच्या मांडवात मोठ्या कर्ण्यांवरून ऐकवल्या जातात, आणि त्यांवर मुले नाचतात, हेही नोंदवले पाहिजे. त्यात तारप्याचा खरखरीत, श्वासाने भरलेला नाद उरत नाही, पण रांगेची वळणे अजून ओळखू येतात. मोबाइलवरच्या रंगीत बालगीतांचे मात्र तसे नाही. त्यांतले मूल पुन्हा शहरातलेच आहे, आणि पाहणारे मूल एकटे आहे. गाणाऱ्या मुलाचे पाहणारे मूल होणे हा या शतकभरातला सर्वांत मोठा बदल आहे, आणि तो पाड्यावर सर्वांत उशिरा पोचला असला तरी पोचला आहे.

या मुलखाच्या चित्राचे आणि आवाजाचे नशीब किती वेगळे निघाले, हे पाहिले की मन विषण्ण होते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली; त्यांच्या आणि त्यांच्यासारख्या चित्रकारांच्या हातून तारप्याचा नाच भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आला आणि जगभर गेला. पांढऱ्या रेषांची ती गोल गुंफलेली रांग आज मुंबईच्या भिंतींवर, पिशव्यांवर, निमंत्रणपत्रिकांवर सर्वत्र दिसते. त्या रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या वादकाचा सूर कसा आहे, हे मात्र ती पिशवी घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांनी कधी ऐकलेले नाही, आणि रांगेच्या शेपटीची मुले काय म्हणतात, हे तर त्याहूनही कमी जणांनी ऐकले आहे.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र आज प्रत्येक शिक्षिकेच्या हातात आहे, तीन मिनिटांची मर्यादा संपली आहे, आणि कोसबाडला शिकलेल्या, आता वृद्ध झालेल्या अनेक सेविकांच्या वह्या घरांच्या माळ्यांवर आहेत. त्या वह्यांतल्या चाली मात्र फक्त त्यांच्या गळ्यांत आहेत. डहाणू आणि तलासरीच्या शाळांनी, महाविद्यालयांनी आणि अंगणवाड्यांनी या स्त्रियांसमोर बसून त्या चाली मुद्रित कराव्यात, पाड्यांवरच्या मुलांची गाणी त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात, अंगणात उभी असतानाच टिपावीत, आणि गाणाऱ्यांच्या संमतीने ती त्याच पाड्यांना परत ऐकवावीत. हे काम पुढच्या दहा वर्षांत झाले पाहिजे. त्यानंतर विचारायला माणसे उरणार नाहीत.